जावळासाठी लावलेली धार

मी वस्तरा आहे, आणि दयामाया मला ठाऊक नाही. पोलादाला ती कुठून असणार? पण परंड्याच्या या घरात माणसांनी जे केलं, ते बघून माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

बिरदेव अण्णांच्या वडिलांनी मला घेतलं तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. रुंद पातं, काळ्या शिंगाची मूठ. नवरदेवाची दाढी मी केली, सुतकातलं डोकंही भादरलं. हसणारा गळा आणि रडणारा गळा, मला दोन्ही सारखेच मऊ लागायचे.

पुढं अण्णांच्या मुलानं, अमरनाथनं, स्टँडजवळ दुकान टाकलं. गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड. अण्णांचा हात थरथरायला लागला तशी गिऱ्हाइकं त्यांच्या खुर्चीत बसेनात. त्यांची हजामतीच्या हत्यारांची धोकटी माळ्यावर गेली आणि तिच्यात मी. पाच वर्षं गंज खात पडलो.

यंदा अमरनाथच्या पोराचं, उत्कर्षचं, जावळ काढायचं ठरलं. मला माळ्यावरून उतरवून अण्णा म्हणाले, "नातवाचं जावळ म्याच काढणार. ह्याच वस्तऱ्यानं. मग मरंपर्यंत हात लावणार न्हाय."

अमरनाथची बायको अर्पिता आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची. बाप एसटीत ड्रायव्हर, त्यामुळं वस्तरा तिनं लांबूनच बघितलेला. ती घाबरली.

"अहो, टाळू भरली न्हाय अजून त्याची. अण्णांच्या कपातला चहा बशीत सांडतो, दिसतंय ना तुम्हाला?"

"म्हाताऱ्याला नाही म्हणू नको," अमरनाथ म्हणाला. "धार लावून लावून दमतील, आपसूक सोडतील."

अण्णा दमले नाहीत. त्यांनी मला तेलात भिजत घातलं. राखेनं घासलं, मग बारीक पॉलिश पेपरनं. गंज निघाला तसं माझं अंग सोलून निघालं. मुठीचा सैल खिळा त्यांनी ठोकून बसवला. मग धारेचा दगड. पाणी टाकायचं, मला सपाट धरायचं, अलगद ओढायचं. आठ दिवस! आणि खरं सांगतो, दगडावर त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. आठव्या दिवशी त्यांनी मला मनगटावरच्या केसांवरून फिरवलं. लव उडाली, कातडीला कळलंसुद्धा नाही. म्हातारा एकटाच हसला.

जावळाच्या आदल्या दुपारी अण्णांचा डोळा लागला होता. अर्पितानं मला उचललं, मोरीपाशी नेलं आणि धुण्याच्या दगडावर तीनदा खसाखसा ओढलं. आठ दिवसांची धार तीन झटक्यांत गेली. बोथट झाला म्हणजे लागणार नाही, वस्तरा चालेना म्हणून अण्णा आपणच बाजूला होतील, असा तिचा हिशोब. विळी आणि वस्तरा तिला एकच. तिला कुणी सांगितलं नव्हतं की धारेचा वस्तरा केसावरून सरकतो आणि बोथट वस्तरा कातडी धरतो.

दुसऱ्या दिवशी उत्कर्ष त्याच्या मामाच्या मांडीवर बसला. समोर सगळं पाहुणं. अण्णांनी मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं, अंगठा लावला. वयानं बधिर झालेली बोटं. त्यांना काय कळणार? रात्र जागलेली अर्पिता त्या वेळी मात्र निवांत उभी होती.

पहिलाच हात अडला. केस ओढला गेला तसं पोर किंचाळलं. चारचौघांत माघार कशी घ्यायची? अण्णांनी जोर दिला, आणि मी कातडी धरली. कानाच्या वर रक्ताची रेघ उमटली. गरम, गोडसर. खोटं कशाला बोलू, मला ते रक्त आवडलं.

"अगं बया!" शेजारची द्वारकाबाई ओरडली. "म्हाताऱ्याची हौस, अन् लेकराच्या जिवावर!"

अमरनाथनं मला हिसकावलं. "पुरं करा आता, अण्णा! हात गेलाय तुमचा, कितींदा सांगायचं?"

"हात न्हाय रं हालला…"

"मग काय डोकं हाललं?"

पाहुणं हसलं. अर्पिता पदरानं पोराची जखम दाबत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

उरलेलं जावळ अमरनाथनं नव्या ब्लेडनं काढलं. अण्णा जेवले नाहीत. पाहुणं गेल्यावर ते मला घेऊन सुनेपुढं आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"माफ कर, पोरी. उगं हट्ट केला. हे कुठंतरी टाकून दे."

"असू द्या, अण्णा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

तिनं मला टाकलं नाही. ओसरीवरच्या फळीवर, शेवयांच्या डब्यामागं कोंबलं. जखम चार दिवसांत भरली. पण अण्णा आता स्वतःची दाढीसुद्धा करत नाहीत. अमरनाथपुढं गिऱ्हाइकासारखे बसतात, दोन्ही हात कापडाखाली लपवून.

मला परत धार नको, तेलही नको. मागणं एकच आहे, तेही त्या पोरीकडं. बाई, म्हातारा आपल्या हाताला शिव्या देत मरेल. तो जिवंत आहे तोवर सांग, की हात नाही चुकला. मला दगडावर ओढलंस, त्यापेक्षा जास्त हिंमत लागणार नाही.

आज सकाळी ती चहा घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. बराच वेळ उभी होती. ओठ हलले.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"काय न्हाय. चहा निवतोय," म्हणाली, आणि आत गेली.