शालीखालची पेटी

"आधी मागची वायर काढ. लगेच लावू नकोस. तुझी एक माळ होईपर्यंत थांब. मग लाव."

आमच्या ह्यांचा आवाज मला अजून येतो तो असाच, काम सांगतानाचा. बाकीचं बोलणं आठवायला बसले तर आठवत नाही. टीव्हीच्या छत्र्या बसवायच्या आणि बॉक्स दुरुस्त करायचे, हे ह्यांचं काम. बेगडेवाडीपासून लोणावळ्यापर्यंत गिऱ्हाइकं होती. बॉक्स अडकला की वीज तोडून थोडं थांबायचं असतं, आणि तेवढाच धीर लोकांना नसतो. म्हणून हे सगळ्यांना सांगायचे, एक माळ ओढा आणि मग बटण दाबा. ज्यांच्या घरात माळ नव्हती तेसुद्धा ऐकायचे.

श्रावणात कामशेतला एका ओल्या पत्र्यावरून हे घसरले. मी खूप रडले म्हणतात. मला नीट आठवत नाही. सकाळी उठते, पूजा करते, जप झाल्याशिवाय पाणी घेत नाही, गुरुवार आणि संकष्टी धरते. आधीही हेच करत होते. आता पूजा आटोपली की ह्यांचा फोन वाजतो आणि तो मी उचलते, एवढाच फरक.

त्या गुरुवारी पहिला फोन परंदवडीच्या रखमाजी आबांचा होता.

"पोरी, माझं कीर्तन गेलं. तितं आता बाया नाचत्यात."

"आबा, कंपनीनं चॅनेलचे नंबर बदललेत. मेनूचं बटण दाबा."

"कंचं, निळं?"

"निळं नको. निळ्यानं भाषा बदलते."

"व्हय, मागं दाबलं व्हतं. आठवडाभर बातम्या तेलुगूत बघितल्या."

"मग मला फोन नाही का करायचा?"

"कशाला? बातम्या त्याच व्हत्या."

मी त्यांना एकेक बटण सांगत कीर्तनापर्यंत आणलं. पलीकडून मृदंग ऐकू आला आणि आबांनी फोन न ठेवताच बाजूला टाकला. मीच ठेवला.

दुसरा फोन कार्ल्याहून, चिमाबाई मावशींचा.

"रेणुका, पेटी गप झालीया. आन चैतालीनं कंपनीच्या मानसाला बोलवलंय. त्यो ही पेटी नेनार, नवी देनार. सुहास म्हनला व्हता, मावशी, ही पेटी मी कुनाला नेऊ देनार न्हाई."

मला ते माहीत होतं. हे तसं बोलले तेव्हा मी तिथंच होते.

मावशींच्या घरी रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे. त्यांचे यजमान धोंडिबा आबा इंद्रायणी तांदूळ पिकवायचे. शेतीच्या कार्यक्रमवाले एकदा त्यांच्या खाचरावर आले, आबा टीव्हीवर दिसले, आणि गावानं शाल देऊन सत्कार केला. कार्यक्रम लागला त्या दिवशी एकवीरेच्या दर्शनाला जाऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे उतरलो होतो. ह्यांनी बटण दाबून तो बॉक्समध्ये धरून ठेवला. पुढे वर्षभरात आबा गेले. मावशी जेवण झालं की तो कार्यक्रम लावायच्या. रोज.

त्या बॉक्समधलं त्याच बॉक्समध्ये चालतं. पेनड्राइव्हवर घेता येत नाही, दुसऱ्या बॉक्समध्ये टाकता येत नाही. आणि रोज दिसत होतं म्हणून मोबाइलवर उतरवून घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

दुपारी काही तास लोकल नसतात, त्याच्या आत निघाले. मळवलीला उतरून रिक्षात बसले. बाहेर भातं कापून झाली होती. रिकाम्या खाचरांकडे बघत होते, पण काही वाटत नव्हतं.

कंपनीचा माणूस आधीच आला होता. प्रितम नाव त्याचं, वागायला सरळ. नवा बॉक्स खोक्यातून काढून टीव्हीपुढे बसला होता.

"ताई, एक्सचेंजमध्ये जुना जमा करावाच लागतो. तसाही हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय."

चैताली, मावशींची सून, तळेगावच्या कारखान्यात कामाला असते. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

"मी काय वाईटासाठी बोलवलंय का याला?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "महिना झाला, निम्मी चॅनेलं दिसत न्हाईत. लावलं की बंद, लावलं की बंद. आत्यांना सांगितलं तर म्हनत्यात, दमलेत ते, जरा पडू दे."

"दमल्यावर पडू नये व्हय मानसानं?" मावशी म्हणाल्या.

"मानसानं पडावं. डब्यानं न्हाई."

मावशी हसल्या नाहीत. बॉक्स कोनाड्यात होता. त्यावर आबांच्या सत्काराची शाल पांघरलेली, चारी बाजूंनी नीट खोचलेली. 

"थंडी पडायला लागली तवापासून घातलीया," मावशी म्हणाल्या. "धूळ बी लय येती."

मी शालीखाली हात घातला. बॉक्सचा पत्रा भाजत होता. गरम हवा बाहेर पडायची भोकं शालीनं पूर्ण झाकली होती. प्रितमनंही ते पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो वायर गुंडाळायला लागला.

शाल काढून मी घडी घातली आणि मावशींच्या मांडीवर ठेवली. खाली पेटीवर हळदकुंकू होतं.

"पेटीचं वय झालंय, मावशी," मी म्हणाले.

गुरुवारी खोटं बोलायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळते. त्या दिवशी बोलले.

मग मागची वायर काढली आणि पिशवीतली माळ घेतली. प्रितमला पुढं लोणावळ्यात जायचं होतं, तो घड्याळाकडे बघत होता. चैतालीनं मोबाइल काढून तयार ठेवला.  बाहेर हायवेवरच्या बसचा हॉर्न तेवढा येत होता.

"झाली का माळ?" मावशींनी विचारलं.

माझं बोट मण्यावर थांबलं. गिऱ्हाइकाच्या घरून हे असंच विचारायचे फोनवर, मी घरी दुरुस्तीला आलेला बॉक्स सुरू करत बसलेली असताना. ह्याच शब्दांत. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पुढचा मणी ओढला.

वायर लावली. आत टकटक आवाज झाला, लाल दिवा लागला, बऱ्याच वेळानं हिरवा झाला. यादी आली. यादीत एकच नाव होतं. मी बटण दाबलं.

धोंडिबा आबा खाचराच्या बांधावर उभे होते. डोक्यावर नवी टोपी. पाणी कधी सोडायचं, रोपं किती अंतरावर लावायची, ते सांगत होते. चैताली मोबाइल धरून उभी होती, हात हलू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होती. मावशी पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ आबांच्या बोलण्याबरोबर हलत होते, अर्धा शब्द आधीच.

मग कार्यक्रमातली बाई विचारते, आबा, बियाणं कुठून आणता? आबा हसतात, मान मागं वळवतात.

तिथंच चित्र थांबलं. आबांची मान अर्धी वळलेली. चौकोन चौकोन झाले आणि पडदा काळा पडला. आतली टकटक वाढली, मग तीही बंद.

मी पुन्हा वायर काढली. पुन्हा माळ ओढली. यावेळी दिवाच लागला नाही. प्रितमनं आपल्या परीनं करून पाहिलं, दुसरी वायर लावली, पेटी हलवून कानाशी धरली. मग खाली ठेवली.

"डिस्क गेली, ताई."

चैतालीनं मोबाइलमधलं लावून पाहिलं. पाणी होतं, रोपांचं अंतर होतं. "आत्या, एवढं आलंय बगा," ती म्हणाली.  मावशींनी मान हलवली.

"त्याला पेटी घेऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता काय हाय त्यात."

प्रितमनं नवा बॉक्स जोडला. चॅनेलं आली, सगळी, स्वच्छ. जाताना जुना बॉक्स उचलला तेव्हा त्यावरचं हळदकुंकू त्याच्या शर्टाला लागलं. त्यानं ते झटकलं नाही.

चैताली चहा ठेवायला आत गेली. मला उपवासाला चालतो म्हणून तिनं विचारलंही नाही. मावशी शालीवरून हात फिरवत होत्या.

"फुडचं तू ऐकलंयस न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऐकलंय."

"काय म्हनले सांग."

मी आठवून सांगितलं, "ते म्हणाले, बियाण्याचं मला विचारू नका, ते सगळं हिनं राखलंय, आणि मग त्यांनी तुम्हाला पुढं बोलावलं."

"असं न्हाई. त्यांच्यावानी."

"मावशी, तुम्हाला तर पाठ आहे."

"पाट हाय गं. पर आपलंच आपुन म्हनायचं, त्यात काय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं पायजे." त्या जरा थांबल्या. "चैतालीला सांगता येत न्हाई मला. ती सून हाय, तिच्या तोंडून माझं नाव कसं घ्यायला लावू. तू येत जा. दर गुरवारी नको, तुला उपास असतो. जमंल तवा. तेवढं म्हन आन जा. पर मावशी-बिवशी घालायचं न्हाई मदी."

"येईन," मी म्हणाले. तेव्हा मात्र आबांसारखं म्हणायला जीभ वळली नाही. मावशींनीही लावून धरलं नाही.

पुढच्या आठवड्यात चॅनेलचे नंबर पुन्हा बदलले. मंगळवारी सकाळपासून फोन चालू होते. रखमाजी आबांचं कीर्तन पुन्हा हरवलं, मी पुन्हा शोधून दिलं. बाकीच्यांना सांगितलं, वायर काढा, माळ होईपर्यंत थांबा, मी दुपारनंतर बोलते. मग ह्यांचा फोन चार्जिंगला लावला आणि तिथंच राहू दिला, ह्यांच्या फोटोजवळ. घराबाहेर तो न घेता मी पहिल्यांदाच निघत होते.

कुलूप लावलं. स्टेशनच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. वडीलधाऱ्या बाईला अशी नावानं हाक मारायची सवय नाही, म्हणून चालता चालता आधी पुटपुटून पाहिलं. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा नुसता आवाज निघाला, त्यात आबा नव्हते. रोज या रस्त्यानं जाताना मी नाम घेते. त्या दिवशी माळ पिशवीत होती आणि ओठांवर एवढंच होतं.

"बी समदं हिनं राखलंय. ए चिमे, फुडं ये की."

लोणावळा लोकलचा भोंगा लांबून ऐकू आला. मी चालत राहिले.