घरच्या मैदानावरची शिट्टी

माझी बायको बास्केटबॉलची पंच आणि सासरे बास्केटबॉलचे वेडे. साधेसुधे वेडे नव्हेत, आमच्या शहराचा संघ हरला की त्यांना जेवण जात नाही. जन्मभर बस चालवली, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि संघाचे निळे टी-शर्ट जास्त. पंचांना आपल्या शहरातले सामने देत नसत, म्हणून घरात शांतता होती. बाबांनी आरडाओरडा करायचा, लेकीने परगावी शिट्टी वाजवायची, आणि मी माझ्या सलूनमध्ये दोघांचं कौतुक सांगत लोकांचे केस कापायचे.

त्या वर्षी आमचा संघ अंतिम फेरीत गेला. सातपैकी सहा सामन्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी झाली, कारण ज्याने त्याने आपापल्या मैदानावरच जिंकलं होतं. वर्षभरात आमचे विजय जास्त, म्हणून सातवा, शेवटचा सामना आमच्या स्टेडियममध्ये. शहर आधीच जिंकल्यासारखं वागत होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी मुख्य पंचाचा पाय हॉटेलच्या जिन्यावर मुरगळला. बदली पंच परगावाहून यायला वेळ नव्हता. लीगच्या ऑफिसातून हिला फोन आला.

"मी याच शहरात राहते," ही म्हणाली, "आणि माझे वडील या संघासाठी जीव टाकतात. आधी दोन्ही संघांना विचारा."

आमचा प्रशिक्षक लगेच हो म्हणाला, त्यात नवल नाही. नवल पाहुण्यांच्या प्रशिक्षकाचं. तो म्हणाला, "तिच्या शिट्टीवर आम्ही गेल्या वर्षी आमच्या स्वतःच्या मैदानावर हरलोय. तीच द्या."

बाबा हात चोळत म्हणाले, "घरचं मैदान आणि घरची पोर! आता कोण हरवतंय?"

"बाबा, उगाच आशा लावून बसू नका," बुटांच्या नाड्या बांधत ही म्हणाली.

मला तिची तयारी ठाऊक होती. स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर ती जुने सामने बघायची. आधी गर्दीचा आवाज अगदी मोठा करून निर्णय द्यायचा, मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघायचा. दोनदा वेगळं उत्तर आलं की स्वतःवरच चिडायची. "गर्दी ओरडली की हात आपोआप तिच्या बाजूने वर जातो," ती एकदा मला म्हणाली होती. "त्यासाठी माणूस लबाड असावा लागत नाही. नुसते कान असले तरी पुरतं."

दुपारी स्टेडियममध्ये पाय ठेवला आणि त्या कानांची मला काळजी वाटू लागली. निळा समुद्र नुसता उसळत होता. पाहुण्यांनी फ्री थ्रो घेतला की बास्केटमागचे लोक टॉवेल फिरवत, बाक बडवत. पाहुण्यांचे चेंडू कडेला लागून बाहेर पडत होते. ही मात्र शांतपणे धावत होती. आमच्या बाजूची शिट्टी वाजली की बाबा मला कोपर मारत, विरुद्ध वाजली की टोपी काढून मांडीवर आपटत.

शेवटचे काही सेकंद उरले. आम्ही एका गुणाने मागे. चेंडू आमच्या हुकमी खेळाडूकडे, ज्याला सगळे 'पहाड' म्हणतात. तो बास्केटकडे झेपावला, समोरच्या पोराला धडकला, दोघे कोसळले आणि चेंडू जाळीतून खाली आला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याच क्षणी शिट्टी वाजली.

हिने एक हात डोक्यामागे नेला आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांची बाजू दाखवली. समोरचा पोरगा पाय रोवून आधीपासून उभा होता, पहाडच त्याच्यावर जाऊन आदळला होता. फाउल आमचा. बास्केट रद्द.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या शेजारी बाबा बाकावर चढून बोंबलत होते, "आंधळी आहेस का गं!" आणि ती? तिने चेंडू उचलला, पाहुण्यांच्या हातात दिला आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. त्या हजारो माणसांत तिच्या बाजूचं कुणी नव्हतं, आणि तिची मान ताठ होती. मला रडू आवरेना. हरल्याचं नव्हे.

सामना त्या एका गुणाने गेला. आम्ही मागच्या दाराशी तिची वाट बघत उभे होतो. तिथे एक तरुण त्वेषाने म्हणत होता, "विकली गेली ती बाई!"

बाबांनी ते ऐकलं. ते वळले. "जावईबापू, जरा इथे उभे राहा. पाय रोवा. हात वर."

मी उभा राहिलो. सत्तरीचा तो माणूस चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन माझ्यावर असा आदळला की मी पाठीवर आडवा.

"आता सांग," धापा टाकत त्यांनी त्या तरुणाला विचारलं, "चूक कुणाची? ह्याची की माझी?"

तो गोंधळला. "तुमची. पण काका, आपलं मैदान होतं ना..."

"मैदान आपलंच होतं, रे. धडकलोही आपणच."

घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. तरुणाने मला हात देऊन उठवलं, पँट झटकून दिली आणि पुटपुटत निघून गेला.

संध्याकाळी ही गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. बाबांनी स्वतः चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि तिथेच घुटमळत राहिले.

"मी ओरडलो गं तुला," शेवटी ते म्हणाले.

"ऐकलं की."

"एवढ्या गोंगाटात?"

"तुमचा आवाज ओळखू येणार नाही होय मला? अख्खी बस ऐकायची." तिने फुंकर मारून एक घोट घेतला. "साखर विसरलात, बाबा."