ज्वारीचे क्रेप

रत्नप्रभाने पळीभर पीठ तव्यावर ओतलं आणि तवाच दोन्ही हातांनी उचलून गोल फिरवला. पीठ छान कडेपर्यंत पळालं. उलथनं घालून सोडवायला गेली, तर मधोमध फाटलं.

“हे धिरडंच आहे,” ओट्याजवळच्या स्टुलावर बसलेली तिची लेक शाल्मली म्हणाली.

“धिरडं नाही, क्रेप. पेपरात फोटो पाहिला ना तू?”

“फोटोतलं फाटलेलं नव्हतं.”

फोटोतला क्रेप मैद्याचा होता. शाल्मलीला मैदा, रवा, कणीक, सगळं बंद. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना जन्मभर चालणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं आणि त्याच दिवशी रत्नप्रभाने घरातला गहू शेजारी देऊन टाकला. यवतमाळच्या त्या कॉलनीत भाकरी म्हणजे हिवाळ्यात वांग्याच्या भाजीबरोबर हौसेने खायची गोष्ट. आता या घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होऊ लागली. आजही ज्वारीचं पीठ, थोडी तांदळाची पिठी आणि कुस्करलेलं केळं घेऊन ती मैद्याशी झुंजत होती.

चौथा क्रेप अख्खा निघाला. तिने त्यावर सीताफळाचा गर पसरला, संत्र्याच्या सोललेल्या फोडी ठेवल्या आणि चौघडी घालून ताटलीत दिला. वर्गातल्या वाढदिवसांना नुसत्या टाळ्या वाजवून घरी येणारी ती पोर डोळे मिटून खात होती. रत्नप्रभाला इतकं बरं वाटलं, की फाटलेले तिन्ही क्रेप तिने उभ्याउभ्याच संपवले.

संध्याकाळी शाल्मलीला उलटी झाली. पोट ढोलासारखं फुगलं आणि ती पाय पोटाशी घेऊन पडून राहिली.

हे नवीन नव्हतं. आठ महिने पथ्य पाळूनही तिचं वजन सोळा किलोवरून हलत नव्हतं. आठ वर्षांची मुलगी पहिलीतली वाटायची. “कुठून तरी गहू पोटात जातोय,” डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते. रत्नप्रभाने मग शाल्मलीची उलटतपासणी घेतली. शाळेत कोणाच्या डब्यातलं खातेस? कोणी काही देतं? मुलगी नाही नाही म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, हो, बिस्किटं खाल्ली. त्या दिवसापासून रत्नप्रभा रोज तिचं दप्तर झाडायची, तोंडाचा वास घ्यायची. मैत्रिणीकडे खेळायला जाणंही बंद केलं होतं.

“आज कुठे खाल्लंस?” तिने आताही विचारलंच. पण विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं. आज रविवार होता. सकाळपासून मुलगी तिच्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती.

तिचा नवरा चंद्रशेखर दारातून हे ऐकत होता. तो सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता, आलेल्या कापसाची प्रत ठरवायचा. बाजारात भाव पडलेले असल्यामुळे त्या दिवसांत केंद्रावर गाड्यांची रांग आणि शिव्या दोन्ही लांबत चालल्या होत्या, आणि घरी आला की तो फारसा बोलत नसे. आज मात्र तो सरळ स्वयंपाकघरात गेला, पिठाचा डबा काढला आणि चिमूटभर पीठ बोटांत चोळू लागला.

“हे कुठून दळलं?”

“नेहमीच्याच चक्कीवरून. ज्वारी मी स्वतः निवडली होती.”

“तुझ्या आधी कशाचं दळण होतं?”

रत्नप्रभाला प्रश्नाचा रोख कळला नाही. “गव्हाचंच असणार. आधी सगळे गहू दळतात. ज्वारीने त्यांची कणीक काळपट होते ना. म्हणून आपला डबा मी नेहमी मागे ठेवते.”

चंद्रशेखरने डबा खाली ठेवला.

“जिनात कापसाचं वाण बदललं की मशीन झाडून घेतात,” तो म्हणाला. “आधीच्या वाणाची सरकी आत राहते. बियाण्याला ठेवायची असली तर शेतकरी तिथून हलत नाही, मशीन झाडल्याशिवाय आपला कापूस टाकू देत नाही.”

तो चपला घालून चक्कीवर गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा त्याच्या शर्टावर पीठ उडालेलं होतं. चक्कीवाल्या किसनसिंगने काहीच लपवलं नव्हतं. त्याने सरळ सांगितलं होतं, “साहेब, पयलं ओंजळभर आधीच्याचंच निंगते. समद्यायचंच तसं होते. त्यात काय एवढं?”

“दिवसभर मी दुसऱ्यांच्या कापसात हात घालून भेसळ शोधतो,” चंद्रशेखर म्हणाला.

रत्नप्रभाने पिठाचा डबा उचलला आणि परसातल्या खड्ड्यात रिकामा केला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. दुसऱ्यांची कणीक पांढरी राहावी म्हणून ती आठ महिने सौजन्याने रांगेत मागे उभी राहिली होती, आणि घरी येऊन लेकीच्या तोंडाचा वास घेत होती.

पुढचे दिवस भातावर निघाले. शनिवारी तिने नव्याने आणलेली ज्वारी धुऊन तांदळाबरोबर भिजत घातली. रविवारी सकाळी वीज जायच्या आत मिक्सरमध्ये वाटायला घेतली, तर अर्ध्यातच वीज गेली. उरलेली पाट्यावर वाटली. मनगटं भरून आली, पण पीठ असं मऊ झालं की बोटाला कणी लागेना. मग ते तासभर झाकून ठेवलं.

पहिलाच क्रेप तव्यावर पसरला आणि त्याला बारीक बारीक जाळी पडत गेली. कडा आपसूक सुटल्या. रत्नप्रभाने तो हलकेच हातावर घेतला. त्याच्यातून तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. हे ज्वारीचं आहे, नुसत्या ज्वारीचं आणि तांदळाचं, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. चंद्रशेखरही उठून बघायला आला आणि नवरा-बायको दोघंही त्या एवढ्याशा क्रेपपुढे देवदर्शनाला आल्यासारखे उभे राहिले.

शाल्मलीने दोन खाल्ले. मग दिवसभर रत्नप्रभाचं कशात लक्ष लागलं नाही. चार वाजले. मुलगी अंगणात खडे घेऊन बिट्ट्या खेळत होती. सहा वाजले. पोट मऊ होतं. सात वाजता ती स्वयंपाकघरात आली.

“आई, भूक लागली.”

आठ महिन्यांत हे वाक्य या घरात कोणी ऐकलं नव्हतं. रत्नप्रभाने तवा ठेवला. उरलेलं पीठ ढवळलं, संत्रं सोललं आणि पाठमोरीच म्हणाली,

“शालू, तू खाल्लीच नव्हती ना बिस्किटं?”

“नाही.”

“मग हो काहून म्हणालीस?”

शाल्मलीने संत्र्याची एक फोड उचलून तोंडात टाकली. “तू रडून राहिली होती. हो म्हटल्यावर थांबली.”

रत्नप्रभा वळली आणि त्या सोळा किलोच्या जिवाकडे बघतच राहिली. शाल्मलीने ताटली पुढे केली.

“याच्यात सीताफळ जास्त घाल,” ती म्हणाली. “आणि एक तुझ्यासाठी पण कर. फाटलेला नको.”