मेंढरांना न पटलेला नवा आवाज

मी एक जुना, स्वस्तातला गाणी वाजवायचा डबा आहे. घाटनांदूरच्या बाजारात बिभीषणआबांनी मला घेतलं, तेव्हा दुकानदारसुद्धा म्हणाला होता, "आवाज चालंल बगा, फार आशा ठिवू नका."

मित्रांनो, आबा धर्मापुरीकडचे मेंढपाळ. संध्याकाळी कळप बोलावायचं काम त्यांच्या बायकोचं, साखराबाईंचं. "हुर्र्याऽ, या गं बायांनो!" अशी त्यांनी हाळी दिली की रानभर पांगलेली मेंढरं वाघुरीत, म्हणजे रात्री कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, येत. सून मोहिनीने ती हाळी एकदा गंमत म्हणून मोबाइलवर भरली आणि माझ्या कार्डात टाकली. पुढे साखराबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ती हाळी मी देऊ लागलो. आबांचे गुडघे गेलेले, मेंढरांमागे पळणं त्यांना जमत नाही. मी चुकलो तर कळप लांडग्याच्या तोंडी. एवढा मान मला दुसरं कोण देणार होतं?

एके दिवशी भाचा नाथा आला. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

"मामा, ह्यो लई चिरका हाय. स्पीकर बदलतो, कपॅसिटर बदलतो, मंग ऐका!"

त्याने मला उघडलं, जुनं काढलं, नवं जोडलं. हाळी वाजली.

"बगा, कसा खुलला!" नाथा म्हणाला.

आबांनी मान डोलावली. मोहिनी म्हणाली, "भाऊजी, मला तर काईच फरक कळंना. तुमी म्हंता म्हणून बरा वाटतूय."

खरं सांगू? मलाही कळेना. मी सुधारलो होतो की नुसता बदललो होतो? साखराबाई मात्र गळ्यावर हात ठेवून ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. हा आवाज आपला, हे त्यांना पटलं होतं.

संध्याकाळी मी जीव तोडून हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि ती पुन्हा चरू लागली. आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काहून फिरंनात बे, नाथा?"

अंधार पडू लागला, तशी नाथाने घाईघाईने जुना स्पीकर परत जोडला. मी चिरकलो आणि अख्खा कळप धावत आला. मग काय, संध्याकाळी मेंढरांसाठी जुना स्पीकर आणि दुपारी साखराबाईंसाठी वायरला लोंबणारा नवा, असं ठरलं. यातला खरा मी कोणता, कोण जाणे.

काल तर कहरच झाला. साखराबाई नुसते ओठ हलवत हाळी देत होत्या. श्वासापलीकडे काही निघत नव्हतं. ऑपरेशननंतर जन्मलेलं एक कोकरू लांब खेळत होतं. ते थबकलं आणि थेट त्यांच्या मांडीशी आलं. मित्रांनो, त्याने जन्मात माझीच हाळी ऐकली होती, आणि तेव्हा मी बंद होतो.

म्हणून एवढंच मागतो. जुन्या वस्तूत नवं जरूर घाला, पण काढलेलं टाकून देऊ नका. कोण काय ऐकतं, ते मला तरी अजून कळलेलं नाही.