काही न घालता

पांढरा दाणा. पालकाच्या देठाशी, ओल्या मातीवर, साबुदाण्याहून बारीक — कालच्या एकादशीचा सांडला असेल म्हणून सविताने उचलायला बोट टेकवलं, तर दाणा बोटाला चिकटला आणि बोट गार पडलं. साबुदाणा गार लागत नाही. शेजारी आणखी एक, अर्धा विरघळलेला. तिसरा पार मुळाशी… तिने तो चिमटीत चोळला आणि डोक्याच्या आधी बोटांनी ओळखलं, कारण हा गारवा त्यांना माहेरच्या, दौंडकडच्या उसात भेटलेला होता — आई पुढे, ती मागे, कमरेला फडक्याची ओटी, मूठमूठ खत सरीत टाकत जायचं, आणि भर उन्हात घामेजले तळवे असे गार व्हायचे. तिला ते आवडायचं.

युरिया. माझ्या गच्चीवर.

तीन वर्षं. ड्रम आडवे कापून घेतले, भाडेकरूंच्या दारोदार बादली ठेवून भाजीच्या साली गोळा केल्या, शेण-गोमूत्राच्या जीवामृताच्या वासावरून त्याच भाडेकरूंची बोलणी खाल्ली, हायवेच्या ट्रकांची धूळ पानापानावरून ओल्या फडक्याने पुसली. सत्यजीत कंपनीतून आला की म्हणायचा, बाकीच्यांच्या बायका गच्चीत पापड घालतात. म्हणू दे. मोबाइलवरच्या ग्रुपवर तिची भाजी घेणारी शिक्रापुरातली बावीस घरं होती, आणि ग्रुपच्या नावाखाली तिने स्वतः लिहिलं होतं — काही न घालता. आज गुरुवार, पालकाचा दिवस. अकराला पलीकडच्या गल्लीतली शायना येणार. तिच्या सहा महिन्यांच्या लेकीला परवापासून वरणाच्या पाण्यात पालक सुरू झालाय, आणि ती म्हणाली होती, बाजारातला नाही देणार ताई, तुमचाच देईन.

टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते, तिचे सासरे. केंदूरचं रान विकून इथे हे घर बांधलं तेव्हापासून त्यांचे हात असे मांडीवर पालथे पडलेले असायचे. दुसरं कोण असणार?

“आप्पा, पालकाला युरिया कुणी टाकला?”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. त्यांना खोटं बोलता येत नाही, याचाही तिला आत्ता संताप आला.

“चिमूटभर टाकतो गं. पंधरा दिवसातनं एकदा. गेणबाकडनं आणला व्हता, केंदूरातनं.”

“काय बी घालायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं ना मी तुम्हाला?”

“व्हय, सांगितलं व्हतंस. पर पिवळं पडलं व्हतं समदं. उपाशी पीक न्हाई बघवत मला, पोरी. आन् तवा तू बी रडकुंडीला आली व्हतीस.”

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं, तर इथे कुंपणाने शेताला चारलं होतं, मायेने, चिमूटचिमूट — आणि अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? तिला ओरडायचं होतं. सगळे ड्रम उपडे करून माती खाली रस्त्यावर लोटून द्यावी असं वाटत होतं. ग्रुपवर काय लिहू? सासऱ्यांनी घातला, मला माहीत नव्हतं… माहीत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मेथी पिवळी पडली होती, खरं आहे. माणसं एकेक करून ग्रुप सोडत होती. मग पंधरा दिवसांत हिरवं चढलं, आणि तिने सगळ्यांना आवाजात निरोप पाठवला होता — तीन वर्षांनी माती जिवंत झाली बघा! उत्तरादाखल केवढी जोडलेल्या हातांची चित्रं आली होती. पण ते हिरवं… ते काळपट, मऊ, पान जड करणारं हिरवं. खत टाकल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसावर चढायचं ते. बोटांनी एका क्षणात ओळखलं, आणि डोळे दोन महिने काय करत होते? एका सकाळी आप्पा जिन्यातून उतरत होते, उजवी मूठ झाकलेली, बोटांच्या फटी ओल्या. ती वर येत होती. दोघं थांबले होते. मी तेव्हा विचारायला तोंड उघडलं होतं, आणि विचारलं काय — आप्पा, चहा ठेवू का?

“ताई!” खालून शायनाची हाक आली. “वरती येऊ की खालीच देता?”

सविताने हातातल्या जुडीकडे पाहिलं. कधी बांधली होती ती? पानं सुरेख होती, त्यांत खोट काढायला जागा नव्हती. आप्पा तिच्याकडे बघत होते, बोलणी खायच्या तयारीने, मान जराशी पुढे काढून; आणि राग तर तिच्यात मावत नव्हता, पण तो त्यांच्यापर्यंत जाईना, जिन्यातल्या त्या सकाळपाशीच अडकून पडत होता.

“आले, थांब,” ती म्हणाली. जुडी तशीच हातात घेऊन ती जिन्याशी आली. पहिल्या पायरीवर तिने बोट गाऊनला पुसलं, मग पुन्हा एकदा, जोरात. बोट केव्हाच कोरडं झालं होतं. तरी गार लागत होतं.