ओल्या कापसाचं वजन

मित्रांनो, विमलताई गेल्याची खबर फुलसावंगीला आली, तेव्हा माझ्या फळीवर गुळाच्या भेल्या होत्या. डोंगरसिंग त्या एकेक करून चढवत होता. विमलताईंच्या वजनाइतका गूळ देवीला वाहायचा नवस होता. त्या यवतमाळच्या दवाखान्यातून परत आल्या की पौर्णिमेला तो फेडायचा, असं ठरलं होतं. डोंगरसिंगच्या खिशातला फोन वाजला. त्याने ऐकलं, हातातली भेली खाली ठेवली आणि माझ्याच फळीच्या काठावर बसला.

मी एक जुना काटा आहे. लोखंडी फळी, एक उभा खांब, पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन, एवढंच माझं शरीर. विठ्ठलरावांच्या वडिलांनी मला अमरावतीहून आणलं. विठ्ठलराव गावातला कापूस विकत घेतात आणि महागावला पाठवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्यावर गाठोडी चढत आणि उतरत. "विठ्ठलरावाचा काटा खोटं बोलत नाही," असं लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं.

पण काट्याला फसवणं सोपं असतं. कापसावर पाणी शिंपडलं की वजन वाढतं, आणि मला ते ओळखता येत नाही. कापूस आणि पाणी माझ्या फळीवर सारखेच. म्हणून विठ्ठलरावांकडे मापाडी असलेला डोंगरसिंग प्रत्येक गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायचा. ओल लागली की ओरडायचा, "काहून गा भाऊ, कापसाले आंघोळ घातली का?" सगळे हसायचे. ज्याचा कापूस, तोही हसायचा आणि गाठोडं उन्हात पसरायचा.

विमलताई विठ्ठलरावांच्या पत्नी. त्यांचं वजन फार होतं. गुडघे दुखत, साखर वाढलेली असे, झोपेत श्वास अडके. दवाखान्यात सगळ्यांसमोर वजन करायची त्यांना लाज वाटे, म्हणून त्या घरच्या अंगणात माझ्यावर उभ्या राहत. शेवटी विठ्ठलरावांनी त्यांना नागपूरला नेलं आणि पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. जाण्याआधी विमलताई देवीला गुळाचा नवस बोलल्या. वजन सत्तर किलोवर आलं की तो फेडायचा होता.

परत आल्यावर त्यांच्या मुलीने, निकिताने, अंगणात सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. आईचं पोट आता लहान आहे, अन्नाची वाटही बदलली आहे. जेवणातलं लोह आणि जीवनसत्त्वं अंगाला पुरेशी लागणार नाहीत. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, इंजेक्शनं चुकवायची नाहीत आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग निकिता आपल्या सासरी, नेरला गेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात कौतुकाचे होते. दर महिन्याला विमलताई माझ्यावर चढत आणि शेजारपाजार गोळा होई. डोंगरसिंग दांडीवरचं वजन मागे सरकवत म्हणे, "वहिनी, असंच चाललं तं देवी उपाशी राह्यते. एका भेलीतच भागवसान तुम्ही!"

"तुमच्या बायकोले चढवा मंग," विमलताई म्हणत. "देवीचे दात किडतीन इतका गूळ लागन."

लोहाच्या गोळीने त्यांचं पोट गच्च होई, मळमळे. एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, ह्या गोळ्या मले सोसत नाहीत."

विठ्ठलरावांनी माझ्या दांडीकडे बोट दाखवलं. "वजन तं बरोबर उतरून राह्यलं. मंग गोळ्या कायले? नको खाऊ."

गोळ्या बंद झाल्या. इंजेक्शनं कापसाच्या हंगामात राहिली आणि मग राहूनच गेली. वर्षाच्या तपासणीला नागपूरला जायचं होतं. "एवढा कापूस निघू दे," विठ्ठलराव म्हणाले. कापूस निघाला, मग तुरी आल्या.

मी रोज पाहत होतो. विमलताईंचे ओठ पांढरे पडले. विहिरीपासून घरापर्यंत येताना त्या दोनदा टेकत. गोदामाच्या भिंतीची माती खरवडून तोंडात टाकत. बायका हसून विचारत, "या वयात डोहाळे लागले का वं?" एकदा त्या माझ्यावर चढल्या तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी अंगणात मागे पडली होती. तळव्याला ते कळलंच नव्हतं. त्या दिवशीही सगळ्यांनी आकडाच पाहिला. तो सत्तरच्या खाली गेला होता.

मग एका महिन्यात आकडा वर चढला.

"पाह्य, भरून येऊन राह्यली!" विठ्ठलराव आनंदाने म्हणाले. हडकलेली बायको पाहून त्यांनाही आतून भीती वाटत होती, ती त्या दिवशी गेली. त्यांनी नवसाचा गूळ मागवला. डोंगरसिंगनेही मान डोलावली. आयुष्यभर कापसात हात घालणारा माणूस तो, पण वहिनीच्या पायाला हात कोण लावणार?

सणाला निकिता आली. आईचे पाय चेपायला बसली आणि तिने अंगठा दाबला. नडगीवर खड्डा पडला. तो भरूनच येईना.

"बाबा, हे मांस नाही. पाणी आहे."

दुसऱ्याच दिवशी त्यांना यवतमाळला नेलं. निघताना विठ्ठलराव डोंगरसिंगला म्हणाले, "गूळ मोजून ठेव. रक्त चढवलं का येतेच आम्ही." डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या-इंजेक्शनं चुकल्याने रक्तातलं हिमोग्लोबिन पाव हिश्शाइतकंही राहिलेलं नाही, आणि एवढ्या पातळ रक्तावर धावून हृदय थकलं आहे. रक्त हळूहळू चढवलं. हृदयाला तेही झेपलं नाही.

आता मी गोदामाच्या कोपऱ्यात आहे. अंगणात बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आहे. डोंगरसिंग अजून गाठोड्यात हात घालतो, पण ओल लागली तर काही ओरडत नाही. गाठोडं बाजूला ठेवतो. संध्याकाळी विठ्ठलराव येऊन माझ्या फळीवर बसतात. मी त्यांचं वजन करत नाही. दांडीला खीळ घातलेली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर माझ्यासारख्या काट्याला विचारून थांबू नका. मला फक्त वजन कळतं. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, बंद करू नका. ओठ पाहा, पाय दाबून पाहा, रक्त तपासा. वजन उतरलं म्हणून माणूस बरा होत नाही आणि चढलं म्हणूनही नाही.

गूळ तेराव्याला गावात वाटून झाला. देवीचं देणं फिटलं, असं लोक म्हणतात. नागपूरला जाऊन विमलताईंचं रक्त तपासायचं होतं. ते राहिलं.