अंगापुरती जागा

डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल. डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरची शाळा आहे. सोमवारची सकाळ. टेबलावर पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडा ठेवलाय आणि त्यात पुठ्ठ्याची कार्डं आहेत. एकेका कार्डावर एकेक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, आणि तो शब्द कुठून आला त्याची हकिगत. अनंता गुरुजींनी कितीतरी वर्षं जाडजाड शब्दकोश चाळून ती लिहिली आहेत. त्यांचा नियम एवढाच, की हाताला येईल तो शब्द घरी न्यायचा, घरातल्या कुणाला तरी शिकवायचा, आणि कुणाला शिकवला ते शुक्रवारी उभं राहून सांगायचं.

आता तू पाचवीतली रोशनी आहेस असं समज. तुझ्या हाताला ‘बकेट’ लागलंय. आणि तुझ्या मागची वर्षा ओरडते, "बेड! मला बेड आला!"

तोच शब्द आपल्याला यायला हवा होता असं वाटलं ना? रोशनीलाही तेच वाटलं.

दिवाळीपर्यंत या दोघी एका ताटात जेवत. वर्षाचा बाप आसनगावजवळच्या गोदामात कामाला. दिवाळीत त्याने टेम्पोतून बेड आणला. सगळा पाडा बघायला गेला होता. तेव्हापासून वर्षाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"आमचा बेड स्टोरेजवाला हाय," ती त्या दिवशीही मधल्या सुट्टीत सांगत होती.

"म्हंजे काय गो?" एकीने विचारलं.

"आत सामान राहतं. रोशनीला नको विचारू. तिची आजी खड्ड्यात झोपते, डुकरासारखी!"

मुली खिदळल्या. रोशनीही हसली, कारण हसलं नसतं तर रडू आलं असतं. मग सगळ्या पाणी प्यायला गेल्या, तेव्हा ती एकटी वर्गात परतली, वर्षाच्या वहीतून ते कार्ड काढलं आणि कंपासपेटीत खाली दडवलं. दुपारी वर्षाने दप्तर तीनदा उलटं केलं, रडली. रोशनीला वाटलं होतं की खूप बरं वाटेल. बरं वाटलं, पण घंटा होईपर्यंतच.

संध्याकाळी ती खळ्यावर गेली. झोडणी चालू होती. भाताची रास पडलेली, आणि रानडुकरं येतात म्हणून तिची आजी बाईजा राखणीला तिथेच झोपायची. लग्न होऊन पाड्यात आली तेव्हापासून दर हंगामाला. पद्धत तिचीच. दिवस बुडायच्या आत ती खुरप्याने अंगापुरता उथळ खड्डा खणायची, त्यात शेकोटी करायची, निखारे विझले की राख बाजूला ओढायची. मग गरम मातीवर पेंढा आणि पेंढ्यावर गोधडी. रोशनीही लहानपणापासून त्यात आजीच्या कुशीत झोपायची. पण दिवाळीपासून तिने त्या खड्ड्यात पाय ठेवला नव्हता.

आजी खणत होती. रोशनी राशीआड बसली आणि चोरलेलं कार्ड वाचू लागली. ‘बेड: झोपायची जागा. फुलझाडांच्या वाफ्यालाही हाच शब्द, नदीच्या तळालाही हाच. शब्द फार जुना. काही जाणकार म्हणतात, याचं मूळ खणण्यात आहे. फार पूर्वी माणसं जमीन खणून झोपायला जागा करत, त्या जागेचं हे नाव.’

तिने पुन्हा वाचलं. मग आजीच्या हातातल्या खुरप्याकडे बघितलं.

"आजी! ह्यालाच बेड म्हणतात! वर्षाचा तो नकली, आपला खरा!"

"कोण म्हनतो?"

"गुरुजींनी लिवलंय. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगते. नाक कापते तिचं!"

आजीने कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी उलटंसुलटं करून नीट पाहिलं. "तुझा शब्द कुठला मग?"

रोशनी पेंढ्याची काडी मोडत बसली.

"हा तिचा ना? मघा तिची आय विचारत होती इथं येऊन. पोरगी जेवली नाय म्हनं." आजीने माती चाचपली. "नाव कुनाचंबी असो बाय. नीज आली म्हंजे झालं."

तीन दिवस कार्ड कंपासपेटीतच राहिलं. शुक्रवारी उजाडता उजाडता रोशनी वर्षाच्या घरी गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत बेड होता, खरंच मोठा, चकचकीत. पण गादीवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. वर मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी आणि साड्यांची खोकी रचलेली. आणि खाली, बेडच्या पायाशी, चटईवर वर्षा अंगाचं मुटकुळं करून झोपली होती.

वर्षाने डोळे उघडले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वर्षाने चादर डोक्यावरून ओढून घेतली. रोशनीने कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि ती पळत सुटली.

शाळेत वर्षाचा नंबर आधी आला. तिने कार्ड वाचून दाखवलं. ‘खणण्यात’ या शब्दावर तिचा आवाज जरा अडखळला.

"कुणाला शिकवलास?" गुरुजींनी विचारलं.

"आयला." वर्षाने रोशनीकडे चोरून पाहिलं. "बेडवर बसून शिकवला."

रोशनीच्या जिभेवर एकच वाक्य होतं. तेवढं बोललं असतं तर सगळा वर्ग हसला असता, आणि या वेळी तिच्यावर नाही.

"रोशनी, तुझी बकेट कुणी शिकली?"

ती उभी राहिली. "कुणी नाय, गुरुजी. मी वर्षाचा शब्द आजीला शिकवला."

"वर्षाचा? तुझ्याकडे कसा आला?"

"चोरला."

मागून कुणीतरी "चोरटी गो!" म्हणालं. गुरुजींनी हात वर केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बस," एवढंच म्हणाले. वर्षा खाली मान घालून कार्डाचा कोपरा दुमडत राहिली आणि उलगडत राहिली.

संध्याकाळी बाईजा खळ्यावर आली तेव्हा उन्हं अजून डोंगरावर होती. खुरपं जागेवर नव्हतं. पलीकडे रोशनी गुडघ्यांवर बसून खणत होती. खड्डा आजीच्या अंगापुरता केव्हाच झाला होता.

"आता बास कर गो. किती रुंद करशील?"

आजीपुरती जागा सोडून रोशनी खड्ड्यात आडवी झाली, तिने हात पसरून बघितला, उठली, आणि आणखी एक वीत माती ओढून काढली.